हातगाडीच्या दांड्यांवर बसलेले म्हातारे : कारखानदार पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन

इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यात विल्डन नावाचं खेडं आहे. तिथे बाल्डविन घराण्याचा लोखंडी पत्र्याचा कारखाना होता. मालकाचा मुलगा तिथल्या प्रत्येक माणसाला लहानपणापासून ओळखायचा. कामातल्या अडचणींबद्दल बोलावं तितक्याच मोकळेपणाने कामगार त्याच्याशी घरच्या कटकटी बोलायचे. त्यांचे बाप-आजे तिथेच राबलेले, पोरंही मोठी झाली की आपसूक तिथेच लागायची. कुणाला कामावरून काढून टाकायची पद्धतच नव्हती. आणि वय झालेले काही जण दिवसभर एकचाकी हातगाडीच्या दांड्यांवर टेकून पाइप ओढत बसलेले असायचे.

हे वर्णन माझं नाही. मार्च १९२५ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी भर पार्लमेंटमध्ये आपल्या जुन्या कारखान्याची ही आठवण सांगितली. त्यांचं नाव स्टॅन्ली बाल्डविन. आपल्याकडे चर्चिल सगळ्यांना माहीत, अ‍ॅटली बऱ्याच जणांना माहीत, बाल्डविन मात्र क्वचित कुणाला आठवतात. वास्तविक ते तीनदा पंतप्रधान झाले, आणि १९३७ साली मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ ज्या कायद्याखाली आलं, तो कायदा ब्रिटनमध्ये मंजूर होण्यामागेही त्यांचा मोठा हात होता. धंद्यातला माणूस राजकारणात गेला की तो हिशेब घेऊन जातो, असं आपण धरून चालतो. बाल्डविन हिशेब घेऊन गेले नाहीत. मालकाने प्रत्येक कामगाराला नावाने ओळखावं, ही विल्डनची सवय ते घेऊन गेले. ती सवय कुठे कामी आली आणि कुठे तोकडी पडली, हेच मला इथे सांगायचं आहे.

घर आणि कारखाना

बाल्डविन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८६७ चा, ब्यूडली गावातला. आईवडिलांचं एकुलतं एक मूल. आई लुईझा ही मॅकडोनाल्ड बहिणींपैकी. तिच्या एका बहिणीचं लग्न चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स यांच्याशी झालं, दुसरीचं चित्रकार एडवर्ड पॉइंटर यांच्याशी, आणि तिसरी, अ‍ॅलिस, लग्न करून थेट मुंबईत आली. तिचे यजमान जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आताच्या महात्मा फुले मंडईच्या दर्शनी भागावर जी दगडी उठावचित्रं आहेत, ती त्यांचीच. त्यांचा मुलगा रुडयार्ड १८६५ साली मुंबईत जन्मला. तर हे लेखक रुडयार्ड किपलिंग आणि आपले बाल्डविन सख्खे मावसभाऊ.

शिक्षण हॅरो आणि केंब्रिजला झालं, पण पदवी तिसऱ्या वर्गात मिळाली. वडील अल्फ्रेड बाल्डविन यांना ते लागलं. आयुष्यात तरी तिसरा वर्ग मिळवू नकोस, असं ते मुलाला म्हणाले. मुलगा मुकाट्याने कारखान्यात रुजू झाला आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिला. या काळात धंद्याचा चेहराच पालटला. १९०२ मध्ये घरचा कारखाना आणखी काही कंपन्यांत मिसळून ‘बाल्डविन्स लिमिटेड’ ही मोठी कंपनी झाली. आता लोखंड, पोलाद, कोळसा, टिनचा पत्रा असा सगळा पसारा आला. एवढ्या मोठ्या कंपनीत मालकाने प्रत्येकाला नावाने हाक मारणं शक्यच नव्हतं. १९२५ च्या भाषणात बाल्डविननी हेही सांगितलं की तो कारखाना आपल्या जातीचा अखेरचाच होता, आणि शेवटी एका मोठ्या कंपनीने तो गिळला. त्या भाषणातलं हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे जग त्यांना पुन्हा आणायचं होतं, ते आपल्याच घरातून कसं गेलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

वडील खासदार होते. फेब्रुवारी १९०८ मध्ये ते गेले आणि ब्यूडलीची ती जागा मुलाकडे आली, तीही बिनविरोध. तेव्हा बाल्डविन चाळिशीत होते. पुढली आठ-नऊ वर्षं सभागृहात त्यांची फारशी दखल कुणी घेतली नाही.

एक लाख वीस हजार पौंडांचं गुपित

पहिल्या महायुद्धाने ब्रिटनवर कर्जाचा डोंगर उभा केला. १९१४ मध्ये सरकारी कर्ज सुमारे ६५ कोटी पौंड होतं, युद्ध संपेपर्यंत ते ७०० कोटींच्या वर गेलं. हा पैसा आला कुठून? बराचसा लोकांकडूनच. सरकार कर्जरोखे काढतं, लोक ते विकत घेतात, आणि त्यावर सरकार वर्षानुवर्षं व्याज देत राहतं. व्याजाचा पैसा शेवटी करातूनच येतो. म्हणजे युद्धात ज्याच्या गाठीला पैसा होता त्याला युद्धानंतर व्याज मिळणार, आणि जो खंदकातून परत आला तो कर भरून ते व्याज पुरवणार. शिवाय युद्धात पोलादाला अफाट मागणी होती, त्यामुळे पोलादाच्या कारखानदारांना बरकत आलेली. बाल्डविन स्वतः त्यांतलेच. वयामुळे रणांगणावर गेले नव्हते. ही बोच त्यांच्या मनात होती.

तोवर ते अर्थखात्यात दुय्यम मंत्री झाले होते. जून १९१९ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘एफ. एस. टी.’ लेखकाने म्हटलं होतं की मी माझ्या सगळ्या मालमत्तेची मोजदाद केली, ती ५ लाख ८० हजार पौंडांच्या आसपास भरली. तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ १ लाख २० हजार पौंड मोकळे करून मी दीड लाखाचे कर्जरोखे घेणार आहे आणि ते सरकारला परत करून टाकणार आहे, फाडून टाकण्यासाठी. इतर श्रीमंतांनीही आपापल्या परीने असंच करावं. ‘एफ. एस. टी.’ ही अर्थखात्यातल्या त्यांच्याच हुद्द्याची आद्याक्षरं होती, पण हे पत्र कुणाचं हे कळायला लोकांना बराच वेळ लागला.

या हाकेला ओ देणारे थोडेच निघाले, आणि कर्जाच्या डोंगरावर ओरखडाही उठला नाही. तरी मला ही घटना मोठी वाटते. त्यांना देणगीदार म्हणून नावही नको होतं, आणि रक्कम स्वतःला झळ लागेल इतकी होती. फक्त त्यांचा हिशेब विल्डनचा होता. गावात मालकाने चांगला पायंडा पाडला की गाव त्याच्या मागे जातं. अख्ख्या देशातले धनवान तसे एकमेकांच्या नजरेच्या धाकात राहत नाहीत.

पंतप्रधानपद आणि पावाचा प्रश्न

१९२२ च्या ऑक्टोबरमध्ये कार्लटन क्लबमधल्या बैठकीत बाल्डविन यांच्या हुजूर पक्षाने पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्याबरोबरचं संयुक्त सरकार मोडलं. त्या दिवशी बाल्डविननी लॉइड जॉर्जना ‘एक गतिमान शक्ती’ म्हटलं आणि अशी शक्ती फार भयंकर गोष्ट असते, असं बजावलं. सरकार पडलं, बोनार लॉ पंतप्रधान झाले. हेही मूळचे ग्लासगोचे लोखंडाचे व्यापारी. बाल्डविन अर्थमंत्री झाले. सात महिन्यांत बोनार लॉ आजारपणामुळे पायउतार झाले आणि राजाने मे १९२३ मध्ये बाल्डविनना बोलावलं. या पदावर लॉर्ड कर्झन डोळा लावून होते. बंगालची फाळणी करणारे हेच ते व्हाइसरॉय. पण ते उमरावांच्या सभागृहात होते, आणि खालच्या सभागृहात मुख्य विरोधी पक्ष म्हणून मजूर पक्ष बसलेला असताना पंतप्रधान वरच्या सभागृहातून आणणं योग्य दिसलं नसतं.

सत्तेवर येऊन जेमतेम पाच महिने झाले असतील, तोच बाल्डविननी आयातीवर जकात बसवण्याचा मुद्दा काढला आणि त्यावर निवडणूक लावली. हा मुद्दा नीट समजून घेऊ. ब्रिटनमध्ये तेव्हा खुल्या व्यापाराचं धोरण होतं, बाहेरचा माल जवळजवळ बिनजकातीचा आत यायचा. पत्र्याच्या धंद्यातल्या माणसाला ही एकतर्फी उदारता सलायची, कारण अमेरिकेने १८९० मध्ये टिनच्या पत्र्यावर जबर जकात बसवल्यावर वेल्समधले कारखाने कसे बसले हे त्याने पाहिलेलं. बाहेरच्या मालावर जकात लावली की घरचा कारखाना टिकतो, कामगाराची नोकरी टिकते, असा बाल्डविनचा विचार. समोरच्या बाजूचं उत्तर सोपं होतं : जकात आली की पाव महागणार. १९०६ च्या निवडणुकीत उदारमतवाद्यांनी भिंतींवर दोन पावांची चित्रं लावली होती, खुल्या व्यापाराचा मोठा पाव आणि जकातीचा लहान पाव. ती चित्रं लोकांच्या मनातून गेली नव्हती. कारखान्यात नोकरी वाचेल ती काहींची, पाव मात्र रोज सगळ्यांच्या ताटात. बाल्डविनचा पक्ष २५८ जागांवर अडकला, बहुमत गेलं, आणि १९१ जागा आणि उदारमतवाद्यांचा पाठिंबा यांच्या जोरावर रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचं ब्रिटनमधलं पहिलं मजूर सरकार आलं. ते वर्षभरही टिकलं नाही. १९२४ च्या अखेरीस बाल्डविन प्रचंड बहुमताने परतले.

कोळसा आणि सोनं

१९२५ च्या ज्या भाषणापासून सुरुवात केली, त्याचा प्रसंग असा. कामगार संघटनेच्या सभासदाकडून राजकीय कामासाठी वर्गणी कापली जायची आणि ती मजूर पक्षाला मिळायची. ज्याला द्यायची नसेल त्याने तसं लिहून द्यायचं. बाल्डविनच्याच पक्षातल्या एका खासदाराने विधेयक आणलं : हे उलट करा, ज्याला द्यायची असेल त्यानेच लिहून द्यावं. म्हणजे मजूर पक्षाचा पैसा आटणार. पक्षाचं बहुमत एवढं की विधेयक सहज झालं असतं. बाल्डविन उठले आणि स्वतःच्या पक्षाला म्हणाले की आपल्याकडे संख्याबळ आहे म्हणूनच पहिली गोळी आपण झाडायची नाही. विल्डनचे ते म्हातारे त्यांनी तेव्हा सभागृहापुढे उभे केले. शेवट प्रार्थनेतल्या ओळीने केला : प्रभो, आमच्या काळात शांती दे. विधेयक मागे पडलं.

त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्या सरकारने पौंड पुन्हा सुवर्णपरिमाणावर आणला. अर्थमंत्री चर्चिल होते. सुवर्णपरिमाण म्हणजे चलनाची किंमत सोन्याच्या ठरावीक वजनाला बांधून टाकणं. युद्धाआधी एका पौंडाचे ४ डॉलर ८६ सेंट व्हायचे, तोच भाव पुन्हा कायम केला. १९२४ मध्ये बाजारात पौंड ४ डॉलर ४० सेंटांच्या आसपास होता. आता समजा एक टन कोळसा एक पौंडाला, म्हणजे वीस शिलिंगांना विकला जातो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो आधी ४ डॉलर ४० सेंटांना पडायचा, आता ४ डॉलर ८६ ला. गिऱ्हाईक म्हणतं, मी जर्मन कोळसा घेईन. त्याला जुन्याच भावात द्यायचा तर खाणमालकाने वीसऐवजी जेमतेम अठरा शिलिंग घ्यायला हवेत. ते दोन शिलिंग कुठून निघणार? कोळशाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा. खाणमालकांनी सरळ सांगितलं : मजुरी कमी करा आणि तास वाढवा.

लंडनमधल्या बँकेच्या टेबलावर ठरलेला एक आकडा वेल्समधल्या खाणकामगाराच्या पगाराच्या पाकिटातून असा वळता झाला. याचा अनुभव त्याच काळात मुंबईलाही आला. सरकारने रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्सवर बांधायचं ठरवलं, तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरून चौकशी आयोगाच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली. रुपया महाग झाला की बाहेरचं कापड इथे स्वस्त पडणार, ही गिरणीवाल्यांची ओरड होती. १९२७ मध्ये वरचाच भाव कायम झाला. पुढच्याच वर्षी गिरणगावात सहा महिन्यांचा संप झाला. त्या संपाला खर्चकपातीच्या नव्या पद्धतींसह आणखीही कारणं होती, पण मालाचा भाव पडला की पहिली कुऱ्हाड मजुरीवर पडते ही तऱ्हा तीच.

बाल्डविननी खाणींना नऊ महिने सरकारी मदत देऊन भांडण पुढे ढकललं. त्यात दोन कोटी पौंडांहून जास्त गेले. चौकशी समिती नेमली. मदत संपली तेव्हा प्रश्न जिथे होता तिथेच होता. ‘पगारातली एक पेनी कमी नाही, दिवसातलं एक मिनिट जास्त नाही’ ही खाणकामगारांची घोषणा. मे १९२६ मध्ये त्यांच्या पाठीशी रेल्वे, गोदी, छापखाने, वाहतूक असे पंधरा लाखांहून जास्त कामगार उतरले. हा ब्रिटनचा सार्वत्रिक संप नऊ दिवस चालला. बाल्डविन रेडिओवरून देशाशी बोलले. शांत, घरगुती आवाजात ते म्हणाले, मी शांततेचा माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. १२ मे रोजी संप मागे घेतला गेला. खाणकामगार एकटे पडले, नोव्हेंबरपर्यंत झुंजले, आणि उपाशी पोटी कमी पगारावर, जास्त तासांवर परत खाणीत उतरले.

इथे मी बाल्डविनना माफ करू शकत नाही. संप मोडल्यावर खाणमालकांना चार पावलं मागे यायला लावण्याची ताकद त्यांच्यापाशी होती. त्यांनी ती वापरली नाही. उलट १९२७ च्या कायद्याने राजकीय वर्गणीचा नियम बदलला : ज्याला द्यायची असेल त्यानेच लिहून द्यावं. दोन वर्षांपूर्वी प्रार्थना म्हणून जे अडवलं, तेच त्यांच्या सरकारने स्वतःच्या हाताने केलं. विल्डनमध्ये मालकाने हिशेबाकडे काणाडोळा करून म्हाताऱ्यांना पोसलं, कारण तोटा त्याच्या एकट्याच्या खिशातून जायचा. इथे लाखो माणसं, शेकडो मालक आणि सोन्याला जखडलेला भाव. चांगुलपणाने तो आकडा हलणार नव्हता.

भारत : इथे धीर कामी आला

भारताच्या बाबतीत त्यांची सुरुवात वाईटच. १९२७ मध्ये त्यांच्याच सरकारने सायमन कमिशन नेमलं, त्यात एकही भारतीय घेतला नाही, आणि देशभर काळे झेंडे निघाले. पण १९२९ मध्ये सत्ता गेल्यावर विरोधी बाकांवरून त्यांनी जे केलं ते वेगळं. व्हाइसरॉय आयर्विन यांना त्यांनीच भारतात पाठवलं होतं. भारताला शेवटी वसाहतीचं स्वराज्य मिळेल, असं आयर्विननी ऑक्टोबर १९२९ मध्ये जाहीर केलं तेव्हा हुजूर पक्षात आग लागली. बाल्डविन आयर्विनच्या मागे उभे राहिले. चर्चिल जानेवारी १९३१ मध्ये पक्षाच्या नेतेमंडळातून बाहेर पडले, आणि पुढच्याच महिन्यात गांधीजींबद्दल ते ‘अर्धनग्न फकीर’ वगैरे बोलले.

त्याच सुमारास रॉदरमिअर आणि बीव्हरब्रुक या दोन वृत्तपत्रमालकांनी बाल्डविनना नेतेपदावरून खेचण्याचा चंग बांधला. मार्च १९३१ मध्ये एका सभेत बाल्डविन म्हणाले की या मालकांना हवी आहे ती जबाबदारीशिवायची सत्ता, जो युगानुयुगं वेश्येचा हक्क राहिला आहे. उपमा आज खटकते, पण वार वर्मी बसला. शब्द मावसभाऊ किपलिंग यांचे होते. मात्र भारताला अधिकार देण्याच्या बाबतीत किपलिंग भावाच्या ठाम विरोधात होते. जो मुंबईत जन्मला त्याला साम्राज्य जसंच्या तसं हवं होतं, आणि जो भारतात कधी राहिला नाही तो पक्षाला समजावत होता की राष्ट्रवादाचं वारं जगभर सुटलं आहे, ते आशियातही तितकंच जोरात आहे, आणि शंभर वर्षं आपणच भारताला लोकशाही शिकवली आहे.

भाषणामागून भाषणं, बैठकीमागून बैठका, अशी चार वर्षं त्यांनी आपल्या पक्षातली एकेक माणसं वळवली. हे काम मात्र विल्डनच्या सवयीचं होतं. सभागृहाच्या बाकांवर, धूम्रपानाच्या दालनात तासन् तास बसून ते खासदारांशी गप्पा मारत. कोण कुठे अडलाय हे त्यांना ठाऊक असे. जून १९३५ मध्ये ते तिसऱ्यांदा पंतप्रधान झाले आणि २ ऑगस्टला भारत सरकारच्या कायद्यावर शिक्कामोर्तब झालं.

या कायद्याने काय झालं? प्रांतातली खाती दोन गटांत वाटणारी द्विदल राज्यपद्धती गेली आणि सगळी खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आली. सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला. सुमारे तीन कोटी लोकांना मत मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधानसभेत गेले. दुसरी बाजूही मोठी : गव्हर्नरांच्या हाती खास अधिकार राहिले, दिल्लीतला लगाम व्हाइसरॉयकडेच राहिला, आणि संस्थानं धरून संघराज्य करायचा भाग कधी अमलात आलाच नाही. नेहरूंनी या कायद्याला गुलामीची सनद म्हटलं, ते त्या वेळी खरंच होतं. पण आपली राज्यघटना लिहिताना त्यातलीच बरीच चौकट घेतली गेली.

शेवटची वर्षं

१९३६ मध्ये राजा आठव्या एडवर्डच्या गादी सोडण्याचं प्रकरण त्यांनी अशा हाताने सोडवलं की मे १९३७ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा सगळा देश त्यांना दुवा देत होता. जाताजाता त्यांनी खासदारांचा वार्षिक पगार ४०० वरून ६०० पौंड केल्याचं जाहीर केलं. त्याचा सगळ्यात जास्त उपयोग ज्यांच्या घरी पैसा नव्हता अशा, मुख्यतः मजूर पक्षाच्या खासदारांना होणार होता. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑलिव्हर १९२९ मध्ये मजूर पक्षातर्फेच निवडून येऊन बापाच्या समोरच्या बाकांवर बसला होता.

मग दुसरं महायुद्ध आलं. हिटलर शस्त्रं घडवत असताना यांनी देश तयार ठेवला नाही, असा ठपका बाल्डविनवर आला. शस्त्रास्त्रांची वाढ त्यांच्याच काळात सुरू झाली होती हे खरं, उशिराने झाली हेही खरं. त्यांच्या घरी टपालातून शिव्यांची पत्रं येऊ लागली. १९४२ मध्ये युद्धासाठी मोडीचं लोखंड गोळा करताना सरकारने त्यांच्या अ‍ॅस्टली हॉल या घराच्या लोखंडी फाटकांवरही हक्क सांगितला. पार्लमेंटमध्ये प्रश्न निघाला तेव्हा एक खासदार उठून म्हणाला, लॉर्ड बाल्डविनना फाटकं ठेवायलाच हवीत, नाहीतर संतापलेल्या जमावापासून त्यांचं रक्षण कसं होणार? फाटकं गेली. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली तेवढी राहिली.

ऑक्टोबर १९४७ मध्ये लंडनला पाचव्या जॉर्जच्या पुतळ्याचं अनावरण होतं. ऐंशी वर्षांचे, काठी टेकत चालणारे, कानाने जवळजवळ बहिरे झालेले बाल्डविन तिथे आले. गर्दीतल्या काहींनी त्यांना ओळखलं आणि जयघोष केला. आवाज उठलाय एवढंच त्यांना कळलं. शेजारच्या माणसाकडे वळून त्यांनी विचारलं, “हे लोक माझी हुर्यो उडवतायत का?” दोन महिन्यांनी, १४ डिसेंबरला, विल्डनपासून जवळच असलेल्या अ‍ॅस्टलीच्या घरी ते गेले.